इतिवृत्त

मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.
कोल्टर्स फोर्क, जुन्या शाळेचं व्यायामगृह,
कारण कोर्टाच्या इमारतीत एवढी माणसं मावली नसती.
उपस्थिती दोनशे बारा, आणि दारात एक कुत्रं.
ते मी लिहिलं नाही.

मी डेल्फा. एकवीस वर्षं काउंटीची इतिवृत्तं लिहिते:
रस्त्यांची डागडुजी, कचऱ्याचे ठेके,
पुरानंतर कुणाचा पूल कुणाच्या अंगणात सापडला.
आज माझ्याकडे दोन कामं. वही,
आणि टेबलावरची घंटी.
प्रत्येकाला दोन मिनिटं. मग घंटी.

विषय क्रमांक एक: मेडिकेडच्या निधीत कपात.
वर राजधानीत तिला कपात म्हणत नाहीत,
सुसूत्रीकरण म्हणतात.
मी दोन्ही शब्द लिहिले
आणि पहिल्याखाली रेघ ओढली गेली.

ट्वायला रॅटलिफ उठल्या.
मुलाला पोटातून भरवायची नळी
पिशवीतून काढून माइकच्या दांड्यावर टांगली.
म्हणाल्या, अशा महिन्याला चार लागतात,
त्यातल्या कुठल्या तीन नकोत ते तुम्ही सांगा.
इतिवृत्तात: "नागरिकाने साहित्याबाबत प्रश्न विचारला."

पेरी मॅगार्ड, ट्रॅक्टरच्या दुकानाचे मालक,
आयुष्यभर फुकट्यांच्या नावानं बोटं मोडत आलेले,
तेही उठले. म्हणाले,
माझं कार्ड नाही. पण मला अटॅक आला तेव्हा
त्या हॉस्पिटलचा दिवा चालू होता,
तो कुणाच्या कार्डावर चालू होता ते मला आत्ता कळतंय.
आणि बसले.
एक मिनिट वीस सेकंद उरले होते.
उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. नियम आहे.

मग व्हर्लन स्टिडम.
तेहतीस वर्षं कोळशात.
खाण बंद होऊन जमाना झाला,
तिचा काही भाग अजून त्यांच्या छातीत आहे.
ऑक्सिजनचं सिलिंडर ओढत माइकपर्यंत यायलाच
चाळीस सेकंद गेले.
घड्याळ मी आधीच सुरू केलं होतं.

"मला," ते म्हणाले. श्वास.
"एवढंच." श्वास.
नळीची बारीक शिट्टी सगळ्या बाकांपर्यंत.
या गावात निम्मी माणसं खोकतात,
तेव्हा एकही खोकलं नाही.

दोन मिनिटं झाली.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी घंटीकडे.
माझी आई चर्चमागच्या शुश्रूषागृहात आहे,
खाट क्रमांक अकरा, त्याच कार्डावर.
हितसंबंध असल्यास आधी जाहीर करावेत
असाही एक नियम आहे. मी केले नव्हते.
मी घंटीवर तळहात ठेवला.
पितळ गार होतं. मग गार राहिलं नाही.

सहा मिनिटं लागली. वाक्य एवढंच होतं,
की माझं काय व्हायचं ते होईल,
रात्रपाळीच्या जेनेवाला काढू नका,
तिच्या हातची सुई दुखत नाही.

ठराव: कपातीस या काउंटीचा विरोध.
सूचक मॅगार्ड, अनुमोदक रॅटलिफ, सर्वानुमते.
ज्या दोघांनी कुंपणाच्या भांडणात
एकमेकांवर तीनदा खटले भरले, तेच ते दोघं.
दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवला.
तिकडून छापील कार्ड आलं: आपले मत महत्त्वाचे आहे.
सही मशीनची होती.

नोव्हेंबरपासून रात्रपाळी बंद.
जेनेवा आता डोंगरापलीकडे, एकसष्ट मैलांवर.

पुढच्या सभेत, नेहमीप्रमाणे,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचलं: "श्री. स्टिडम. वेळ: दोन मिनिटे."
अध्यक्ष म्हणाले, काही दुरुस्ती?
पेरी मॅगार्ड छताकडे बघत होते.
मागच्या बाकावर नळीची शिट्टी चालू होती.
दुरुस्ती नाही.

कायम झालं.
त्या सभेतलं तेवढंच कायम झालं.
मग मागून ट्वायला म्हणाल्या,
त्या दिवशीचं कुत्रं लिहायचं राहिलंय.
मी समासात लिहिलं.